नातवंडासह गाविलगड

सुटींत नातवंडास घेऊन चिखलदऱ्यास एक रात्र मुक्काम करावा आणि सकाळीं गाविलगड पाहावा, ही वऱ्हाडांतील अनेक आजोबांच्या आवडीची सहल. तटाशीं पोंचतांच मूल विचारतें, "आजोबा, एवढा बळकट गड पडला कसा?" या प्रश्नाचें उत्तर तटांत नाहीं, तें वाटेंत आहे.

बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ च्या सुमारास हा गड बांधविला. दक्षिणेस खोल कडे. उत्तरेस मात्र तो पठारास लागलेला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या लढाईंत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. मग इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें दक्षिणेस तळ दिला, आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपुराहून डोंगरांत शिरली. रस्ता नव्हताच. शिपाई तो करीत गेले; जड तोफा त्यांनीं दऱ्याखोऱ्यांतून हातांनीं ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेली फौज १२ तारखेस गडाच्या उत्तरेस पोंचली. १५ तारखेस तटाला खिंडार पडून गड गेला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. गड तेवढा त्यांना परत मिळाला!

त्या तोफा ओढणारे हात बहुतांशीं याच देशांतल्या शिपायांचे होते. उत्तर कटु आहे. तरी उत्तरेच्या तटावर उभें राहून नातवंडास तें सांगावें. किल्ले दगडांनीं बांधले जातात, पण ते राखतो तो माणसांचा एकोपा.