हँडिकॅप : टोपीतला हात

गोल्फ खेळणारा माणूस भेटला की पाच मिनिटांत आपला हँडिकॅप सांगतो. "माझा अठरा!" आणि तेही ऐटीत. हाच शब्द आपण वर्षानुवर्षं दाखल्यांवर आणि रेल्वेच्या डब्यावर वाचला, तिथे मात्र कुणाला ऐट वाटली नाही. एकच शब्द दोन घरी इतका वेगळा का नांदतो, हा आजचा विषय.

आधी एक भाकडकथा निकालात काढतो. अपंग सैनिक हातात टोपी घेऊन भीक मागत, त्यावरून हा शब्द आला असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही. मूळ शब्द 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. सतराव्या शतकात इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा असा एक खेळ होता. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत १६६० साली त्याचा उल्लेख आहे. समजा, एकाकडे घड्याळ आणि दुसऱ्याकडे खोगीर. खोगीरवाल्याने वर किती पैसे द्यायचे ते पंच ठरवी. मग दोघेही टोपीत हात घालून एकदम बाहेर काढत आणि सौदा मान्य की अमान्य ते कळे. थोडक्यात, असमान वस्तूंचा सौदा रास्त करणं हे त्या पंचाचं काम.

अठराव्या शतकात शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. तिथे तेज घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवत, म्हणजे शर्यत चुरशीची होई. पुढे एकोणिसाव्या शतकात गोल्फने तो उचलला, पण हिशेब उलटा केला. इथे कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट मिळते. अठरा हँडिकॅपवाल्याने ९० फटके मारले तर धरायचे ७२. ज्याला काहीच सूट नाही तो 'स्क्रॅच' खेळाडू. स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओरखडा काढून आखलेली शर्यतीची रेघ. २०२० पासून हँडिकॅपची जागतिक पद्धत एकच झाली असून कमाल सूट ५४ आहे.

आपल्याकडे लहानपणी लिंबूटिंबू असे, आठवतं ना? त्याला सगळं माफ, पण त्याचा डाव कुणी मोजत नसे. हँडिकॅपवाल्याचा डाव मोजतात, आणि तो जिंकूही शकतो. फरक आहे तो इथे.

मग बिघडलं कुठे? घोड्यावरच्या वजनावरून 'ओझं', 'अडचण' असा अर्थ रूढ झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो माणसांना चिकटला. सामना बरोबरीचा करण्याची युक्ती होती, तिचं माणसाचं उणेपण झालं.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही गाडी थोडी मागे वळवली, असं मला वाटतं. त्याच्या व्याख्येत शरीराच्या उणिवेबरोबर वाटेतले अडथळेही धरले आहेत. म्हणजे जिन्यापाशी अडलेल्या माणसाचा विचार करताना जिन्याचाही विचार करायचा. त्याआधी, २०१३ मध्ये, केंद्र सरकारच्या सूचनांनी लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलं.

या वीस मिनिटांबद्दलची कुरकुर मी अजून ऐकतो. "आमच्या मुलाने काय पाप केलंय?" असं सुशिक्षित पालक म्हणतात. जन्मभर वर्गात उभा राहिल्यावर एवढं सांगू शकतो, की हाताने लिहिता न येणाऱ्या मुलाला उत्तर येत असतं, ते कागदावर उतरायला वेळ लागतो. ती मिनिटं उत्तर सांगत नाहीत, अभ्यास त्यालाच करावा लागतो. गोल्फच्या मैदानावर अठरा फटके वजा करताना कुणाला अन्याय झाल्यासारखं वाटत नाही. वीस मिनिटांचा हिशेबही तोच आहे.

असो. 'बोगी' आणि 'कॅडी' यांच्या गमती पुढच्या खेपेला.