घळीच्या माथ्यावरचे परके दगड

स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेन गावापासून थोडे चालत गेले की आरे नदीची घळ लागते. घळ कसली, डोंगरातली फटच ती! लांबी सुमारे १४०० मीटर. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी १८० मीटर उंचीच्या, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी जेमतेम एक-दोन मीटर. कड्याला धरून बांधलेल्या पायवाटेने आणि लहान बोगद्यांतून १८८८ सालापासून लोक ही घळ पाहत आले आहेत. आम्हीही तसेच गेलो. पायाखाली राखाडी पाणी, डोक्यावर आकाशाची एक रेघ.

भिंतींवरच्या गोल, घोटीव पोकळ्या पाहून आम्हाला निघोजची आठवण झाली. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तिथला खडक बेसॉल्ट, इथला चुनखडीचा. पण कारागीर एकच – भोवऱ्यात गरगरणारे दगडगोटे.

‘म्हणजे ही घळ नदीने कोरली,’ असे म्हणून आम्ही पुढे निघालो, तेवढ्यात आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले, ‘पण नदी टेकडीला वळसा घालून का गेली नाही?’

प्रश्न साधा होता, पण उत्तर पटकन सुचेना. घळ ज्या टेकडीतून जाते तिचे नाव किर्खेट. ती खोऱ्यात या काठापासून त्या काठापर्यंत बांधासारखी आडवी पडली आहे, त्यामुळे वळसा घालायला जागाच नाही. मग पाणी अडून तळे झाले असेल आणि ते वरून सांडत असेल का? आम्ही टेकडीवर चढून पाहिले, तर तिथे आणखी एक कोडे. टेकडी चुनखडीची आणि तिच्यावर मोठमोठ्या शिळा ग्रॅनाइटच्या! ग्रॅनाइट आहे तो वर, ग्रिम्झेल खिंडीच्या बाजूला. मग या परक्या शिळा इथे आणल्या कोणी?

असेच परके दगड आल्प्सच्या परिसरात जागोजागी सापडतात, आणि त्यांनी विद्वानांना पुष्कळ काळ चकवले. एखाद्या प्रचंड महापुराने ते वाहून आणले, असे अनेकजण मानत. याला वेगळे उत्तर दिले ते विद्यापीठातल्या कोणी नव्हे. इथून नैर्ऋत्येला, वालाय प्रांतातल्या लूर्तिए गावी जाँ-पिएर पेरोदाँ नावाचा एक डोंगरी शिकारी राहत असे. हिमनदीच्या काठावर आयुष्य गेलेले. एवढ्या मोठ्या शिळा पाण्याला हलणार नाहीत, पूर्वी हिमनदीच पार खालपर्यंत पसरलेली असणार, असे तो सांगे. १८१५ साली झाँ द शार्पान्तिए हे खाणतज्ज्ञ त्याच्या घरी मुक्कामाला असताना त्याने हेच सांगितले. शार्पान्तिए यांना ते इतके अशक्य वाटले की त्यांनी त्यावर विचारसुद्धा केला नाही.

पेरोदाँने मात्र सांगणे सोडले नाही. त्याच खोऱ्यात १८१८ साली झिएत्रो हिमनदीच्या बर्फाने अडवलेले तळे फुटून मोठा पूर आला. त्या कामावर असलेले अभियंते इग्नाझ व्हेनेट्झ यांनी पेरोदाँचे म्हणणे ऐकून घेतले आणि स्वतः हिंडून पुरावे गोळा केले. १८२९ साली त्यांनी ते स्विस निसर्गअभ्यासकांच्या सभेत मांडले. आता शार्पान्तिए ते खोडून काढायला निघाले, आणि पुरावे तपासता तपासता स्वतःच त्या मताचे झाले! पुढे लुई अगासी हे तरुण संशोधक १८३६ साली शार्पान्तिए यांच्याकडे आले, तेही शंका घेऊनच. तेही बदलले. १८३७ साली त्यांनी नेउशातेल इथल्या भाषणात हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली.

आणि पुढचे काम त्यांनी कुठे केले? याच आरे नदीच्या उगमाशी, उंटरआर हिमनदीवर. तिथे हूगी नावाच्या संशोधकाने १८२७ साली एक झोपडी बांधली होती. १८४१ पर्यंत ती सुमारे १४०० मीटर खाली सरकली होती. बर्फ वाहतो, आणि पाठीवरच्या शिळाही घेऊन जातो, याचा हा रोकडा पुरावाच.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. किर्खेटवरून एके काळी हिमनदी वाहत होती. तिनेच ग्रॅनाइटच्या शिळा वर आणून ठेवल्या. टेकडीच्या अलीकडचा-पलीकडचा भाग बर्फाने खोल खरवडला, चुनखडीचा कठीण बांध मात्र उरला. बर्फाखालचे वितळलेले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते चढावरही वाहू शकते. त्याने बांधात वाटा कोरल्या. जुन्या काही वाटा आज कोरड्या पडल्या आहेत. त्यातली एक आरेने चालू ठेवली, तीच ही घळ. पाण्याचा राखाडी रंगही हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाचा.

पुस्तकांत हिमयुगाशी अगासींचे नाव जोडलेले असते. त्यांचे पुस्तक १८४० साली आले, शार्पान्तिए यांचे १८४१ मध्ये. शार्पान्तिए यांनी मात्र आपल्या पुस्तकात पेरोदाँची आठवण आणि स्वतःची चूक, दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवली. ती नोंद नसती तर त्या शिकाऱ्याचे नाव बहुधा पुसले गेले असते.

आज उंटरआर हिमनदी अगासींच्या काळापेक्षा पुष्कळ मागे हटली आहे. परके दगड मात्र जागेवर आहेत. पुढच्या वेळी मुलांना घेऊन नदीवर जाल तेव्हा आधी काही सांगू नका. ‘हा दगड इथला आहे का?’ एवढेच विचारा. आणि वर्गात गुराख्याचे किंवा कोळ्याचे मूल असेल, तर त्याचे उत्तर जरा जास्त वेळ ऐका. आम्ही हे एका शिक्षिकाबाईंकडून शिकलो.