अमिश लोकांचा हिवाळी स्वयंपाक

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. हिवाळ्यात तिथली शेते गोठतात, बाहेरची कामे उरकलेली असतात. अशा एखाद्या पहाटे अमिश शेतकऱ्याच्या अंगणात मोठमोठ्या लोखंडी कढया चुलाणावर चढतात. शेजारीपाजारी, सगेसोयरे घोडागाड्यांतून उतरू लागतात. आज या घरी डुक्कर कापायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना हे मांस वर्ज्य आहे, हे मी जाणतो. जेवणाचा आग्रह नाही. पण घटकाभर या अंगणात उभे राहा. एका परागंदा समाजाचा इतिहास या कढईत शिजतो आहे.

हे अमिश कोण? 1525 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरी काही मंडळींनी असे म्हणायला सुरुवात केली, की बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला देऊ नये. माणसाने जाणतेपणी, स्वखुशीने तो घ्यावा. राज्यकर्त्यांना हे खपले नाही. 1527 मध्ये फेलिक्स मांझ या त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले. पुढे हे लोक डोंगराळ मुलखात, आल्सास प्रांतात, ऱ्हाईनकाठी असे पांगत गेले. 1693 मध्ये याकोब आमान हा अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरून वेगळा झाला. त्याच्या नावावरून त्याचे अनुयायी अमिश झाले. विल्यम पेनला 1681 मध्ये अमेरिकेत वसाहतीची सनद मिळाली होती, आणि तिथे धर्मासाठी कोणाचा छळ होत नसे. 1737 मध्ये 'चार्मिंग नॅन्सी' या जहाजातून काही अमिश कुटुंबे फिलाडेल्फियाला उतरली.

आता सांगा, वारंवार घर सोडावे लागलेल्या माणसाला वाया घालवणे परवडेल का? डुक्कर हे अशा शेतकऱ्याचे सोयीचे जनावर. उरलेसुरले खाऊन ते पोसते आणि हिवाळ्यात घरभर अन्न देते. मांड्यांना मीठ लावून त्या धुरावर धरल्या, की हॅम तयार. बारीक केलेले मांस आतड्यांत भरून सॉसेज करतात. चरबी कढवून डबे भरतात. तीत तळण होते, पायची पारी खुसखुशीत होते आणि पूर्वी तिचाच साबणही होई. पोटाची पिशवीसुद्धा टाकीत नाहीत. तीत सॉसेज आणि बटाटे भरून ती भाजतात.

शेवटी उरतात डोक्याचे मांस, काळीज आणि हाडांना चिकटलेले तुकडे. हे सारे उकळायचे, हाडे काढायची, आणि त्या रश्शात पीठ वैरून पळी उभी राहीपर्यंत घोटायचे. मग ते साच्यांत ओतून थंड करायचे. सकाळी वड्या कापून तव्यावर कुरकुरीत तळायच्या आणि काकवीबरोबर खायच्या. याला म्हणतात स्क्रॅपल. जर्मनीत असला पदार्थ कुट्टूच्या पिठाचा होत असे. अमेरिकेत आल्यावर त्यात मक्याचे पीठ पडले, आणि मका तर तिथल्या मूळ रहिवाशांचे धान्य! घर सुटले, पण पदार्थ सुटला नाही. नव्या मातीचे दाणे घेऊन तो पुढे चालला.

असाच दुसरा पदार्थ 'श्निट्स उन क्नेप'. आपण कैरीची आंबोशी वाळवतो, तशा हे लोक सफरचंदाच्या फोडी वाळवून ठेवतात. त्या भिजवून हॅमबरोबर शिजवायच्या आणि वर पिठाचे गोळे सोडायचे. गोड, खारट, मऊ असे सगळे एकाच भांड्यात. हे पदार्थ एकट्या अमिशांचे नाहीत बरं का. पेनसिल्वेनियातल्या साऱ्या जर्मन वंशाच्या लोकांत ते चालतात. नव्या वर्षाच्या दिवशी डुकराचे मांस आणि आंबवलेली कोबी खाण्याची चालही त्यांचीच. कारण मोठे गमतीचे आहे: कोंबडी माती मागे उकरते, डुक्कर मात्र नाकाने पुढे उकरीत जाते!

मग अमिशांचे वेगळेपण कशात? 1920 च्या सुमारास त्यांच्या धुरीणांनी घरात सार्वजनिक विजेच्या तारा घ्यायच्या नाहीत, असे ठरवले. विजेत पाप आहे म्हणून नव्हे. बाहेरच्या जगाशी घर असे जोडले, तर शेजाऱ्याशी जडलेली गाठ सैल होईल, ही त्यांची धास्ती होती. पुष्कळ ठिकाणी गॅसवर चालणारे शीतकपाट चालते. पण एका दिवसात एवढे मांस मार्गी लावायला वीस हात लागतातच. त्या हातांसाठी शेजारी लागतो, आणि आज तो आला, तर उद्या आपण त्याच्याकडे जातो.

युरोपात 1937 साली शेवटची अमिश मंडळी मेनोनाइटांत विलीन झाली. अमेरिकेत मात्र 1900 च्या सुमारास काही हजार असलेले अमिश आता साडेतीन लाखांहून अधिक आहेत. पण माणसे वाढली, तशी जमीन महागली. आज निम्म्याहून अधिक कुटुंबांचे पोट शेतीवर चालत नाही. पुरुष सुतारकाम करतात, घरे बांधायला जातात, आणि मांस पुष्कळदा खाटकाच्या दुकानातून येते. वीज बाहेर ठेवता आली. जमिनीचा भाव कसा बाहेर ठेवणार? शेजाऱ्याचे हात लागेनासे झाले, की त्याच्या दारी जायचे निमित्त कोणते उरेल, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आहे. आणि तो त्यांच्यापुरताच आहे, असे तरी कसे म्हणावे?

तरी काही अंगणांत अजून कढया चढतात. दिवस मावळल्यावर सारे एका लांब मेजाभोवती बसतात. जेवणाआधी मान खाली घालून मुकाट प्रार्थना होते; जेवण झाल्यावरही पुन्हा तशीच. मधल्या वेळात ताटातले काही टाकायचे नसते.