महाराष्ट्र निसर्ग उद्यान
मुंबईतील मानवनिर्मित शहरी वन. माहीम निसर्ग उद्यान या नावानेही परिचित. शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस आगारासमोर, मिठी नदीच्या दक्षिण काठावर वसलेले. क्षेत्रफळ सुमारे 15 हेक्टर (37 एकर). नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल व रस्त्यापलीकडे धारावीची दाट वस्ती आहे.

उद्यानाच्या जागी पूर्वी शहराची कचराभूमी होती. कचरा टाकणे 1977 मध्ये थांबले. येथे निसर्ग-शिक्षणासाठी वन उभारण्याची कल्पना विश्व प्रकृती निधीच्या भारतातील शाखेने मांडली, पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी तिला पाठबळ दिले. कचऱ्यावर मातीचा थर पसरून टप्प्याटप्प्याने लागवड झाली. 1991 मध्ये या क्षेत्रास संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. व्यवस्थापन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) अखत्यारीतील सोसायटीकडे आहे.

आत पायवाटा, रोपवाटिका, औषधी वनस्पतींचा विभाग, फुलपाखरू उद्यान व निसर्ग-शिक्षण केंद्र आहे. पावसाचे पाणी तळ्यात साठवून झाडांसाठी वापरले जाते. नदीकाठी खारफुटी आहे. त्यामुळे रानपाखरांबरोबर बगळे, पाणकावळे यांसारखे पाणपक्षीही दिसतात. फुलपाखरांना मकरंदासाठी फुलझाडे लागतात, तशी अळ्यांसाठी ठरावीक खाद्यवनस्पतीही लागतात. उदाहरणार्थ, कढीपत्ता व लिंबाच्या कोवळ्या पानांवर काही मोठी काळी फुलपाखरे अंडी घालतात. त्यांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून शत्रूच्या नजरेतून सुटतात. मोठ्या झाल्या की त्या पानासारख्या हिरव्या होतात. पाने कुरतडलेले झाड येथे रोगट ठरत नाही. ते अळ्यांचे खाद्य म्हणून राखले जाते. शालेय सहलींत असे बारकावे प्रत्यक्ष दाखवता येतात.

नैसर्गिक जंगलाप्रमाणे या वनाला जुनी जमीन लाभलेली नाही. मुळांखाली अजूनही कचऱ्याचे थर आहेत; शेजारची मिठी सांडपाण्याने प्रदूषित आहे. मोक्याच्या जागेमुळे धारावी पुनर्विकास प्रकल्पात उद्यानाचा समावेश होईल, अशी भीती पर्यावरणप्रेमींनी व्यक्त केली व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पाचा भाग नसल्याचे 2023 मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. लागवडीने उभ्या राहिलेल्या या वनाच्या रक्षणात संरक्षित वनाचा कायदेशीर दर्जा म्हणूनच कळीचा ठरतो.