फोर्स मॅज्युअर व कराराची निष्फलता
फोर्स मॅज्युअर व कराराची निष्फलता : युद्ध, महापूर, साथ किंवा सरकारी बंदीमुळे व्यापारी करार पाळणे अशक्य झाल्यास लागू होणारी व्यवस्था. करारातच अशा घटनांसाठीचे (फोर्स मॅज्युअर) कलम असल्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३२ चा, नसल्यास कलम ५६ चा आधार घेतात. करार निरर्थक ठरला, तर घेतलेला लाभ कलम ६५ नुसार परत करावा लागतो. मात्र न्यायालये ही सवलत सढळपणे देत नाहीत. सत्यव्रत घोष खटल्यात युद्धकाळात सरकारने कलकत्त्यातील जमीन ताब्यात घेऊनही सर्वोच्च न्यायालयाने करार कायम ठेवला. कारण ताबा तात्पुरता होता व करारातील कामाला मुदत नव्हती. इंडोनेशियातील कोळसा महागल्याची वीजकंपन्यांची तक्रारही २०१७ मध्ये फेटाळली गेली. भाव वाढणे म्हणजे अशक्यता नव्हे, हे व्यापाऱ्यांना सहसा रुचत नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलाद आयातदारांना टाळेबंदीच्या कारणावरून अंतरिम दिलासा नाकारला : टाळेबंदी मर्यादित काळाची होती, पोलादाची वाहतूक चालू होती आणि करारातील फोर्स मॅज्युअर कलम फक्त विक्रेत्याच्या बाजूचे होते. म्हणून करारातील अशा कलमात कोणत्या घटना धरायच्या, सूचनेची मुदत व करार संपवण्याचा हक्क स्पष्ट लिहितात.