फड्या निवडुंग, किरमिजी किडा आणि लालबाग

काटेरहित निवडुंगाच्या लागवडीच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. कोरडवाहू जमिनीत गुरांना चारा, माणसांना भाजी व फळ आणि उरलेल्या भागापासून जैववायू, अशी या वनस्पतीची ओळख करून दिली जाते. जणू भारताला ती नवीनच आहे. वस्तुतः अमेरिका खंडातून आलेला फड्या निवडुंग येथे दोन शतकांहून अधिक काळ नांदतो आहे. त्याला येथे आणण्यात, त्याचा नाश करण्यात आणि आता पुन्हा लावण्यात विज्ञानाचाच हात आहे. या इतिहासाचा एक धागा बंगळूरच्या लालबागेतून जातो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला निवडुंग हवा होता तो खाण्यासाठी नव्हे, रंगासाठी. त्या काळी सर्वोत्तम किरमिजी रंग मेक्सिकोतील निवडुंगावर पोसलेल्या एका कीटकापासून मिळे. त्याच्या वाळवलेल्या माद्या सुमारे ७०,००० जमल्या की एक पौंड माल होई, आणि हा सारा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. (हा लाल रंग निवडुंगाच्या लाल फळातून किड्यात येतो, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. किडा हिरव्या कांड्यांचा रस शोषतो आणि रंगद्रव्य स्वतःच्या शरीरात तयार करतो.) मद्रासचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी १७८६ पासून या विषयाचा ध्यास घेतला, लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पत्रांमागून पत्रे धाडली आणि मद्रासेत निवडुंगाची खास बाग उभी करविली. तिची देखरेख त्यांचे भाचे अँड्र्यू बेरी यांच्याकडे होती.

बाग तयार होती. किडा मात्र नव्हता. अखेर १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी रिओ दि जानेरोहून कलकत्त्यास कीटक आणले. ते निघाले रानटी जातीचे, रंगाला हलके. व्यापाराचा बेत फसला, १८०० मध्ये मद्रासची बाग बंद झाली आणि तेथील रोपे लालबागेत हलविली गेली. टिपूच्या पाडावानंतर ही बाग कंपनीकडे आली होती व वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांच्या ताब्यात होती.

फसलेला प्रयोग तेथेच संपत नाही. आणलेला कीटक ओपन्शिया मोनाकॅन्था या एकाच जातीवर असा काही तुटून पडला की कुंपणेच्या कुंपणे वाळून गेली. ते पाहून १८३६ ते १८३८ या काळात तो दक्षिण भारतात मुद्दाम सोडण्यात आला. तणाचा बंदोबस्त करण्यासाठी कीटकाचा हेतुपुरस्सर वापर केल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. मात्र ओपन्शिया डिलेनाय या दुसऱ्या जातीला तो शिवतही नसे, आणि पुढे हीच जात माळरानांवर माजली. तिच्यासाठी दुसरा कीटक, डॅक्टिलोपियस ओपन्शिये, १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणावा लागला. पाच-सहा वर्षांत त्याने काम फत्ते केले. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ के. कुन्ही कण्णन यांनी संस्थानातील या मोहिमेविषयी १९३० मध्ये लिहिले आहे.

या काळात निवडुंग कोणी खात नव्हते असे नाही. त्याची जांभळट लाल बोंडे गुराख्यांच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नाही. खरा त्रास बोंडावरच्या केसासारख्या बारीक कुसळांचा. ती जिभेत रुतली की दिवसभर निघत नाहीत. म्हणून बोंड काठीने पाडावयाचे, वाळूत किंवा खरखरीत गवतावर घोळावयाचे आणि मगच सोलावयाचे. दुष्काळात कांड्यांवरचे काटे जाळून त्या गुरांना घालीत. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानेही असे प्रयोग केले. कांडीत सुमारे नऊ दशांश पाणीच असते. नुसती घातली तर गुरांना हगवण लागते, त्यामुळे सोबत कडबा हवाच.

मेक्सिकोत कोवळ्या कांड्यांची भाजी रोजच्या जेवणातली आहे. तळहाताएवढी कांडी सांध्यावर कापतात, सुरीने काटे तासतात, चिरून उकळतात आणि भेंडीसारखा सुटणारा चिकट रस निथळून टाकतात. पहाटे तोडलेली कांडी आंबट लागते, दुपारनंतरची सौम्य. याचे कारण असे, की ही वनस्पती पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडते. तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उन्हात वापरला जातो.

योगायोग असा, की जिभेने ओळखलेला हा नियम शास्त्राच्या दप्तरी नोंदविणारे गृहस्थ लालबागेशी संबंधित तेच हाइन होत. त्यांनी निवडुंग नव्हे, पानफुटीचे पान चावून पाहिले: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये छापले. त्यामागची रासायनिक प्रक्रिया उलगडण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

आता लावला जातो तो निवडुंग निराळा, ओपन्शिया फिकस-इंडिका. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्याचे वाण टेक्सासहून आणले; उरुळीकांचनच्या बाएफने त्याची रोपे वाढविली. अडचण अशी, की १९२६ चा तो उपकारक कीटक या जातीलाही सोडत नाही. ब्राझीलच्या ईशान्येकडील चाऱ्याचे मळे त्याने उजाड केले. मोरोक्कोत तो २०१४ मध्ये प्रथम आढळला आणि तेथील गावकुसांवरची निवडुंगाची कुंपणे काही वर्षांतच वाळली. भारतात तर तो आपणच सोडलेला आहे. बंगळूरच्या हेब्बाळ भागात राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, आणि शत्रूकीटकांचा अभ्यास या शहरात निदान १९५७ पासून चालू आहे. त्या वर्षी राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र येथे सुरू झाले. पूर्वी प्रश्न असे, निवडुंग खाईल असा किडा कोणता. आता त्या किड्याला खाणारे भुंगेरे कोणते आणि त्याला दाद न देणारे निवडुंगाचे वाण कोणते, हे पाहावे लागणार आहे.