बांबू : झाड की गवत?

इंग्रजी व्याकरण शिकवताना मी पहिल्या धड्यात सांगत आलो, की मुलगा, नदी, झाड ही सामान्यनामे आणि वैनगंगा, गडचिरोली ही विशेषनामे. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. त्यामुळे मुलांना वाटते, मान विशेषनामालाच. आपल्या जंगलाचा इतिहास मात्र सांगतो, की साध्या सामान्यनामावरही माणसांचे पोट अवलंबून असते.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड आणि वेताबरोबर बांबूही घातला. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू गवताच्या कुळातला. पण कायद्याने झाड म्हटले, की तोडलेला बांबू लाकूड ठरला आणि त्याच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागू लागला. सूप-टोपल्या विणणारा बुरूड असो की कुडाचे घर बांधणारा गोंड, दोघांचाही रोजचा बांबू एका शब्दात अडकला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपज मानला. म्हणजे एका वस्तूला दोन कायद्यांत दोन नावे! धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने हा पेच सोडवायला घेतला. मेंढा नावाची गावे या भागात आणखीही आहेत, म्हणून याला मेंढा (लेखा) म्हणतात. कंसातल्या शेजारगावाने विशेषनाम पक्के केले. २००९ मध्ये इथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्कपत्रावर गावाचे नाव आले, पण बांबू विकायला परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. पुढे २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्याला नव्वद वर्षे लागली.

हक्क कोणाचा, हे विशेषनाम सांगते. कशावर, हे सामान्यनाम. यातले एक जरी चुकले, तरी हातातला कागद कोराच. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, कायदा हाती आला की आधी व्याख्यांचे कलम वाचा. तिथे कोणत्या शब्दात काय बसवले आहे ते पाहा.